आशिक अलस्गर : ज्यांचं गाव सुटलं, पण गाणी राहिली

प, ब, म ही अक्षरं उच्चारताना दोन्ही ओठ एकमेकांना लागतात. अशी अक्षरं टाळून अख्खी कविता रचायची आणि ती गाऊनही दाखवायची. अझरबैजानी लोककवितेत हा एक मान्यताप्राप्त प्रकार आहे आणि त्यात आशिक अलस्गर यांचा हातखंडा होता.

आशिक म्हणजे नेमकं कोण?

शब्द आपल्या ओळखीचा आहे. त्याचं मूळ अरबी 'इश्क'मध्ये आहे. पण अझरबैजानमध्ये आशिक म्हणजे कवी, गायक, वादक आणि कथेकरी असा सगळा एकच माणूस. 'साझ' हे लांब दांड्याचं तंतुवाद्य छातीशी धरून तो लग्नसमारंभांत 'दास्तान' म्हणजे गद्य-पद्य कथा रंगवतो. २००९ मध्ये युनेस्कोने ही कला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

अलस्गर कोण होते?

त्यांचा जन्म १८२१ चा, सेवान सरोवराजवळच्या गोयचा भागातल्या आगकिल्सा गावातला. घरची गरिबी असल्याने ते लहानपणीच दुसऱ्याच्या घरी कामाला राहिले. तिथल्या मालकाच्या मुलीवर, सहनबानूवर त्यांचं प्रेम जडलं, पण गरिबी आड आली. पुढे आशिक अली या गुरूंकडे ते साझ शिकले आणि स्वतःही अनेक शिष्य घडवले. १९१८ च्या हिंसाचारात त्यांना गाव सोडावं लागलं. काही वर्षांनी ते परतले आणि १९२६ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं.

मग कविता टिकल्या कशा?

पाठांतरामुळे. शिष्यांच्या आणि गावकऱ्यांच्या तोंडी असलेल्या रचना १९३० च्या दशकात गोळा होऊन पुस्तकात आल्या.

आज हा विषय नाजूक का आहे?

कारण त्यांचं गाव आज आर्मेनियात आहे. १९८८-८९ मध्ये संघर्ष पेटला, तेव्हा आर्मेनियातल्या अझरबैजानी लोकांना आणि अझरबैजानमधल्या आर्मेनियन लोकांना घरंदारं सोडावी लागली. आगकिल्साचं नावही बदलून आझात झालं.

या कलेचा इतिहास मात्र एवढा विभागलेला नाही. अठराव्या शतकातला आर्मेनियन कवी-गायक सायात-नोवा आर्मेनियन आणि जॉर्जियनबरोबर अझरबैजानी भाषेतही रचना करायचा. अलस्गर यांच्या गावात आज त्यांची भाषा बोलणारी वस्ती उरलेली नाही. तरी त्यांच्या रचना अझरबैजानमधले आशिक आजही साझवर गातात.