शेळी अडली तर पहिला अर्धा तास महत्त्वाचा



पहिल्या पावसानंतर, जून-जुलैत लागलेल्या शेळ्या आता विण्याला आल्यात. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, चार-पाच दिवस मागेपुढे. १ जुलैला बोकड दाखवला असेल तर २८ नोव्हेंबरच्या आसपास तारीख धरा. आपल्या भागात बहुतेकांच्या दावणीला उस्मानाबादी शेळी आहे. ही जात जुळ्यांसाठी ओळखली जाते. जुळी म्हणजे फायदा दुप्पट, पण विताना अडण्याची भीतीही जास्त. म्हणून आजचा मेसेज थोडा मोठा आहे. पूर्ण वाचा, आणि घरात रात्री शेळ्यांकडे जे बघतात त्यांनाही वाचून दाखवा.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. मी डिप्लोमाला असताना सुट्टीत घरी होतो. तिसऱ्या वेताची शेळी रात्री जेवणं झाल्यावर कधीतरी कळा द्यायला लागली. आई म्हणाली, "काहीतरी चुकतंय रे." मी म्हणालो, "आपोआप होईल, सकाळी बघू." पहाटे बघतो तर एकच पाय बाहेर आणि शेळी आडवी पडलेली. डॉक्टर आले, दोन्ही करडं मेलेली निघाली. तिसऱ्या दिवशी शेळीही गेली. डॉक्टरांनी आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला होता, "कळा किती वाजता सुरू झाल्या?" घरात कुणालाच सांगता आलं नाही. पहिलं करडू वाटेत अडलं की मागचंही आतच गुदमरतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून पहिली गोष्ट ही: कळा सुरू झाल्या की मोबाईलमध्ये वेळ टिपून ठेवा.

घड्याळ कसं बघायचं

शेळी अस्वस्थ होते, माती उकरते, ऊठबस करते, कास ताठ होते, शेपटीजवळचे स्नायू ढिले पडतात, चिकट स्राव येतो. हा तयारीचा काळ. तो काही तास चालतो, पहिलटकरणीत जास्तही. इथे घाई करू नका, फक्त लक्ष ठेवा.

खरं घड्याळ सुरू होतं ते जोराच्या कळा आल्यावर किंवा पाणमोट फुटल्यावर. तिथून अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. खूर आणि तोंड दिसतंय, पण १५-२० मिनिटं तिथेच अडकलंय, तर मदत लागणार हे समजा. एक करडू झाल्यावर दुसरं साधारण अर्ध्या तासात येतं. अर्धा तास जोर करूनही आलं नाही तर पुन्हा फोन करा.

काय दिसतंय ते ओळखा

१. पुढचे दोन पाय, खुरांचे तळवे जमिनीकडे आणि त्यावर टेकलेलं तोंड: सगळं ठीक. हात लावू नका.

२. दोन पाय, पण तळवे वर: बहुतेक मागचे पाय आहेत. खात्री करायची तर सांधे चाचपा. पुढच्या पायाचे खालचे दोन सांधे एकाच दिशेला वाकतात, मागच्या पायाचे उलट दिशांना. मागचे पाय आधी आले तरी करडू जगतं. मात्र कंबर बाहेर आल्यावर नाळ दाबली जाते, म्हणून तिथून पुढे वेळ घालवू नका.

३. डोकं आणि एकच पाय: दुसरा पाय आत मागे दुमडलाय. ओढलं तर खांदा अडकतो. डॉक्टर बोलवा.

४. दोन पाय, पण डोकं लागत नाही: मान मागे वळलीय. अजिबात ओढू नका.

५. फक्त शेपटी, किंवा तीन-चार पाय एकदम: करडू बुडाकडून आलंय किंवा जुळी एकमेकांत अडकलीत. हे डॉक्टरांचं काम.

मोबाईल हातात आहेच. बॅटरी लावून फोटो काढा आणि डॉक्टरांना पाठवा. ते निघण्याआधीच त्यांना अंदाज येतो.

घरी मदत करायचीच तर

फक्त वरच्या पहिल्या दोन प्रकारांत, आणि करडू अडकलं असेल तरच. नखं कापा. अंगठी, बांगड्या काढा. साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, हातमोजे घाला. शेळीचं निरण कोमट पाण्याने स्वच्छ करा. ओलसरपणासाठी लिक्विड पॅराफिन वापरा. शेळी कळ देईल तेव्हाच ओढायचं, थांबली की आपणही थांबायचं. आधी एक पाय थोडा, मग दुसरा, असं आलटून पालटून. दिशा सरळ मागे नाही, तर खाली, शेळीच्या मागच्या खुरांकडे. एका माणसाच्या हाताने येत नसेल तर दोर बांधून दोघांनी ओढू नका. पिशवी फाटते, शेळी हातची जाते.

"इंजेक्शन मारा, मोकळी होईल"

असं सांगणारा प्रत्येक गावात एक तरी भेटतो. ऑक्सिटोसिनने पिशवी जोरात आकसते. पिशवीचं तोंड उघडलेलं नसेल किंवा करडू आडवं असेल, तर त्या जोराने पिशवी फाटू शकते. हे औषध डॉक्टरांनी तपासल्यावर त्यांनीच द्यायचं. दुकानातून आणून कुणी टोचायचं नाही.

करडू झाल्यावर

नाकातोंडातला चिकटा पुसा, कोरड्या फडक्याने अंग जोरात चोळा. श्वास घेत नसेल तर डोकं खाली धरा आणि नाकात गवताची काडी हळूच फिरवा. नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून बांधा, कापा, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा.

पहिल्या तासात चीक पाजा. वार पडेपर्यंत पाजायचं नाही, ही पद्धत सोडा. करडाला आईच्या पोटात रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि जसे तास जातात तशी ती पोटात मुरायची कमी होते. उलट करडू प्यायलं की शेळीच्या अंगात ऑक्सिटोसिन आपोआप तयार होतं आणि वार पडायला मदत होते. दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवसात निदान २०० मिली चीक जायला हवा, तीन-चार वेळा मिळून.

वार १२ तासांत पडली नाही तर डॉक्टरांना कळवा. ओढू नका, वजन बांधू नका. पडलेली वार आणि मेलेलं करडू कुत्र्यांना टाकू नका, चुना घालून खोल पुरा. गाभण शेळ्या गाभडत असतील तर ब्रुसेलोसिस असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. घरातल्या गरोदर बाईने विणाऱ्या शेळीच्या कामात हात घालू नये.

पुढच्या वेळी अडू नये म्हणून

पाट २२-२५ किलोची झाल्याशिवाय फळवू नका. पहिलटकरणीला बोअरसारख्या मोठ्या जातीचा बोकड दाखवू नका, करडू मोठं होतं आणि अडतं. उस्मानाबादीला उस्मानाबादीच बोकड ठेवा. चांगल्या बोकडासाठी सांगोला तालुक्यात महूदला शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथे चौकशी करा.

शेवटच्या दीड महिन्यात करडं झपाट्याने वाढतात आणि शेळीच्या पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक दोन वेळा विभागून द्या. शेळीला रोज चालवा. या दिवसांत शेळी खायची थांबली, सुस्त झाली, दात खायला लागली तर एक दिवसही थांबू नका. जुळी असलेल्या शेळीत हा जीवघेणा आजार असू शकतो. विण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची लस द्या, चिकातून करडांनाही संरक्षण मिळतं.

आज संध्याकाळी एवढं करा

प्रत्येक गाभण शेळीची तारीख कॅलेंडरवर लिहा. जवळच्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर १९६२ मोबाईलमध्ये सेव्ह करा. गाडी यायला वेळ लागतो, म्हणून फोन लवकर करायचा. डॉक्टर पोचेपर्यंत शेळी मोकळी झाली तर चांगलंच, फोन वाया गेला असं समजू नका.

मी शेतीचा डिप्लोमावाला, पशुवैद्य नाही. डॉक्टर समोर असतील तेव्हा त्यांचंच ऐका. या आठवड्यात कुणाची शेळी विणार असेल तर तारीख मला कळवा, आदल्या दिवशी आठवण करून देतो.

तुमचा,
कंपनीचा कृषी सल्लागार