उत्तरानंतरचा प्रश्न

पृथ्वीप्रदक्षिणा सर्वप्रथम कोणी केली, असा प्रश्न वर्गात विचारला की निम्मे हात वर होतात आणि ‘मॅगेलन’ हे उत्तर एकमुखाने मिळते. गुण दिला जातो आणि पुढचा प्रश्न येतो. वस्तुतः मॅगेलनने ही प्रदक्षिणा पुरी केलीच नाही. १५१९ साली पाच जहाजे व सुमारे अडीचशे माणसे घेऊन तो स्पेनहून निघाला खरा. परंतु २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाइन्समधील मॅक्तान बेटावर झालेल्या चकमकीत तो मारला गेला. १५२२ च्या सप्टेंबरात ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज एल्कानोच्या नेतृत्वाखाली स्पेनला परतले, तेव्हा त्यावर केवळ अठरा खलाशी उरले होते. एका शब्दाच्या उत्तराने या अठरा जणांना आणि न परतलेल्या शेकडोंनाही पुसून टाकले आहे.

याच सफरीत एक विलक्षण गोष्ट घडली. परतीच्या वाटेवर केप व्हर्ड बेटांपाशी जहाज थांबले, तेव्हा जहाजावरील नोंदीप्रमाणे बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक मात्र गुरुवार म्हणत होते. प्रवासाची रोजनिशी लिहिणारा पिगाफेट्टा गोंधळला, कारण त्याने एकही दिवस नोंदवायचा सोडला नव्हता. सतत पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या मागोमाग जाणाऱ्या माणसाचा पृथ्वीच्या एका फेऱ्यात एक दिवस कमी भरतो, हा त्याचा उलगडा. आजच्या आंतरराष्ट्रीय वाररेषेचे मर्म हेच होय. ‘कोणी’ एवढेच विचारणाऱ्यास ते कधीच सापडत नाही.

वाराप्रमाणेच तारखेचेही आहे. ऑक्टोबर क्रांतीचा वर्धापनदिन सोव्हिएत संघात ७ नोव्हेंबरला का साजरा होई? १९१७ साली रशियात जुनी जूलियन दिनदर्शिका चालू होती व ती ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे होती. पेट्रोग्राडच्या भिंतीवर २५ ऑक्टोबर असताना पॅरिसच्या भिंतीवर ७ नोव्हेंबर होता. पुढील वर्षी रशियाने दिनदर्शिका बदलली. क्रांतीचे नाव तेवढे जुन्या महिन्यात राहिले.

तारीख बदलूनही नाव राहते, तसे नाणे जाऊनही शब्द राहतो. ‘ही गोष्ट सोळा आणे खरी’ असे म्हणणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने आणा पाहिलेला नाही. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९६४ साली त्यातला ‘नवा’ गळला. २०११ साली पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. पण रुपयाचे आणे सोळाच का होते? रुपया निम्मा केला की अधेली, अधेली निम्मी केली की पावली, पावलीचा अर्धा भाग चवली आणि चवलीचा अर्धा आणा. कागद-पेन्सिल जवळ नसलेल्या बाजारात निम्मे करीत जाणे हाच सर्वांत सोपा भागाकार होता. दशमान पद्धती आली तेव्हा चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे सहज झाले. एका आण्याचे मात्र सव्वासहा होऊ लागले आणि व्यवहारात ते सहाच धरावे लागले. दुकानदाराची आणि गिऱ्हाइकाची त्या पाव पैशावरून झालेली कुरबुर ‘१९५७’ या उत्तरात कोठेच दिसत नाही.

कारकुनाच्या जिव्हाळ्याचा ‘पगार’ हा शब्दही असाच दूरचा प्रवासी आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ पैसे चुकते करणे असा आहे. आणि ज्या रविवारी तो कारकून निवांत वृत्तपत्र वाचतो, तो रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांना आपोआप मिळालेला नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले. तेव्हा कोठे १८९० साली आठवड्याची ही सुटी गिरणीमालकांनी मान्य केली. दिनदर्शिकेतील लाल आकड्यामागे सहा वर्षांची झुंज आहे.

स्पर्धापरीक्षांच्या या काळात सामान्यज्ञानाची पुस्तके गठ्ठ्यांनी खपतात. त्यात दोष नाही. नाव आणि सन पाठ असणे हा ज्ञानाचा पाया आहे. परंतु पायालाच घर समजण्याची सवय लागली की दुहेरी तोटा होतो. एक तर चुकीचे उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या बरोबर म्हणून खपते, मॅगेलनचे खपले तसे. दुसरे म्हणजे माणसांच्या श्रमांनी मिळालेल्या गोष्टी निसर्गतःच होत्या, असे वाटू लागते. सुटी कोणी मिळवली हे ठाऊक नसलेल्यास ती गमावली जात असतानाही कळत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर शिक्षकाने गुण अवश्य द्यावा आणि मग ‘असे का?’ एवढाच आणखी एक प्रश्न विचारावा. परीक्षेत त्याला गुण नसतील. पण आणा सोळावाच का, हे ज्याला उमगले, त्याचे ज्ञान सोळा आणे झाले.