न जाणवणारी ठिणगी

आकाशात कडाडणाऱ्या विजेचे भय सर्वांनाच वाटते. पण नायलॉनचा सदरा अंगातून काढताना होणारी चटचट कोणी मनावर घेत नाही. वस्तुतः दोन्हींचे कूळ एकच आहे. तृणमणी, म्हणजे अंबर, लोकरीवर घासला की तो हलक्या काड्या ओढून घेतो, ही गोष्ट प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती. त्या मण्याच्या ग्रीक नावावरूनच ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द घडला. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना लागून विलग झाले म्हणजे एकावरील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. तेथून पुढे जाण्यास त्यांना वाट मिळाली नाही, तर ते तेथेच साचून राहतात. हीच स्थिर वीज होय.

या विजेचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. आर्द्रता असली की पदार्थांच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि साचलेला विद्युद्भार त्यावरून हळूहळू निघून जातो. म्हणूनच मुंबईच्या श्रावणात ही वीज फारशी जाणवत नाही. नागपूर-जयपूरच्या वैशाखातील कोरड्या दुपारी किंवा लेहच्या हिवाळ्यात मात्र तिचे राज्य असते. अशा हवेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून नुसते उठले, तरी मनुष्याच्या अंगावर काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो.

हजारो व्होल्ट असूनही मनुष्य सुखरूप राहतो, याचे कारण हा साठा अत्यंत अल्प असतो. तीन हजार व्होल्टला मानवी देहात साठणारी ऊर्जा एक ग्रॅम वजनाची वस्तू साडेचार सेंटिमीटर उचलण्याइतकीच भरते. देहाला ती क्षुल्लक आहे; संगणकाला नाही.

संगणक पहिल्यापासून इतका नाजूक नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक निर्वात नलिकांवर चालत असे. नलिकेतील धातूच्या पट्ट्यांमध्ये डोळ्यांना दिसेल एवढे अंतर असते. बोटावरच्या ठिणगीची तिला फारशी तमा नसे. परंतु त्याच सुमारास, १९५९ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला व दावोन कांग यांनी एका नव्या प्रकारचा ट्रान्झिस्टर सिद्ध केला. त्यात विजेच्या प्रवाहावर हुकमत चालवणारे द्वार आणि खालचे सिलिकॉन यांच्यामध्ये सिलिकॉन ऑक्साइडचा, म्हणजे काचेच्याच जातीचा, एक पातळ पडदा असतो. आजच्या मेजावरील संगणकात असे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, आणि त्यांतील हा विसंवाहक पडदा अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असतो. एका मिलिमीटरमध्ये दहा लक्ष नॅनोमीटर मावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या तलमपणाची कल्पना येईल. सिलिकॉन ऑक्साइड दर नॅनोमीटरला साधारण एक व्होल्ट सोसते. त्यापलीकडे ते फुटते.

अर्थात ही दुर्बलता जाणून निर्माते प्रत्येक चिपच्या तोंडाशी संरक्षक मंडले बसवतात. ती बहुधा एक-दोन हजार व्होल्टचा आघात पचवतात. परंतु खरी मेख येथेच आहे. मनुष्याच्या त्वचेला ठिणगीचा चटका जाणवू लागतो, तो सुमारे तीन हजार व्होल्टपासून. म्हणजे यंत्र घायाळ करील, पण हाताला कळणार नाही, असा एक मोठा टापू मध्ये उरतो. ‘मला तर काही लागले नाही’ ही ग्वाही म्हणूनच निरुपयोगी ठरते.

शिवाय जखम झाली की यंत्र लगेच बंद पडतेच असे नाही. कधी पडदा आरपार फुटतो आणि संगणक सुरूच होत नाही. हा प्रकार निदान प्रामाणिक म्हणावा. कधी मात्र पडदा नुसता दुबळा होतो. स्मृतीची नवी पट्टी बसवून झाली, यंत्र सुरू झाले, ग्राहक समाधानाने घरी गेला. आणि काही आठवड्यांनी संगणक मध्येच थबकू लागला, लिहिलेला मजकूर बिघडू लागला. मग दोष कधी वीजमंडळाच्या माथी येतो, कधी निर्मात्याच्या, तर कधी विषाणूच्या. विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा दुकानदाराची वर्षाची खतावणी त्यात गेली, तरी मूळ अपराधी सापडत नाही. कारण त्याला कोणी पाहिलेलेच नसते.

उपाय मात्र सोपा आहे आणि त्याचे मर्म तारेवर बसणाऱ्या पक्ष्यापाशी सापडते. उच्च दाबाच्या तारेवर पक्षी निर्धास्त बसतो, कारण तो आणि ती तार एकाच विद्युत्पातळीवर असतात. नाश होतो तो पातळीतील अंतराने. म्हणून संगणक उघडण्यापूर्वी त्याची वायर भिंतीतून काढावी, आणि आतील भागांना हात लावण्याआधी पेटीच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करावा. काम चालू असता हा स्पर्श वरचेवर करावा. सुटा भाग त्याच्या विशिष्ट पिशवीतून आयत्या वेळीच काढावा, कडेला धरावा, आणि थर्मोकोल किंवा साध्या प्लॅस्टिकवर कधीही ठेवू नये. विसंवाहकावरील भार स्पर्शाने निघून जात नाही.

नित्य हे काम करणाऱ्याने मनगटी पट्टा वापरावा. त्याचे एक टोक पेटीच्या धातूला जोडतात. पट्ट्याच्या तारेत दहा लक्ष ओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो. चुकून २३० व्होल्टशी संबंध आलाच, तर त्यातून पाव मिलिअँपियरहूनही कमी प्रवाह जातो, आणि देहावरील भार मात्र क्षणार्धात ओसरतो. या रोधाविना नुसती तार मनगटाला बांधणे म्हणजे यंत्र वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणे होय.

दुरुस्ती करणाऱ्याचे कसब सहसा त्याच्या बोटांवरून ओळखले जाते. या कामात ते, बोटे आत जाण्यापूर्वी त्याने धातूला केलेल्या एका साध्या स्पर्शावरून ओळखावे.