धरण भरलं तरी नळ कोरडा का?

बेळगावजवळच्या कडोली गावाशेजारून मार्कंडेय नदी वाहते. तिच्यावरच वरच्या अंगाला राकसकोप जलाशय आहे. पावसाळ्यात तो काठोकाठ भरला की आपल्या भागात हमखास म्हणतात, बेळगावची वर्षाची चिंता मिटली.

ती मिटत नाही. राकसकोपचं पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनवरून आणि लक्ष्मी टेकडीच्या शुद्धीकरण केंद्रातून शहरात येतं हे खरं. पण शहराची बरीचशी तहान भागते ती घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणावर. 51 टीएमसीच्या त्या धरणापुढे राकसकोप अगदीच लहान.

आणि हिडकलचं पाणी उताराने येत नाही. हुक्केरी तालुक्यातून ते तुम्मरगुद्दी, कुंदरगी इथे पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवून बसवनकोळ्ळच्या केंद्रात आणावं लागतं. यातल्या एका ठिकाणी जरी हेस्कॉम या वीज कंपनीची वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली, तरी धरण तुडुंब असताना शहरातल्या शहापूर-वडगावच्या बायकांना घागरी घेऊन टँकरची वाट बघावी लागते. वीज आली म्हणून लगेच नळ येत नाही. रिकाम्या वाहिन्या आणि टाक्या आधी भराव्या लागतात. म्हणजे टंचाईचं कारण दर वेळी पाऊस नसतो. धरण पाटबंधारे खात्याचं, वीज हेस्कॉमची. या दोघांचा मेळ बसला नाही की नळ आटतो.

तरी सगळा राग निघतो नगरसेवकावर. ‘नळ महापालिकेचा’ हा दुसरा पक्का समज. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली आणि तिच्या 18 विषयांत पाणीपुरवठा घातला, पण प्रत्यक्ष अधिकार किती सोपवायचे हे राज्याच्या हातात ठेवलं. बेळगावात पुरवठा बरीच वर्षं राज्याच्या पाणीपुरवठा मंडळाकडे होता. 2008 च्या सुमारास काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं तेही जागतिक बँकेच्या कर्जातून, राज्याच्या पायाभूत सुविधा महामंडळामार्फत आणि खासगी कंपनीच्या हातून. ज्याला आपण मत देतो त्याच्या हाती व्हॉल्व्हची चावी नाही, ही गोष्ट मला फार खटकते.

कडोलीसारख्या गावाचं तर खातंच वेगळं: ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत आणि ग्रामीण पाणीपुरवठा विभाग. शहराची जलवाहिनी शेजारून गेली म्हणून गावाला जोडणी मिळत नाही.

तिसरा समज सीमाभागातला आणि सर्वांत घट्ट: सीमाप्रश्न सुटेपर्यंत महाराष्ट्र आणि कर्नाटक एकत्र काम करूच शकत नाहीत. सीमाप्रश्नाची सल आपल्याला आहेच, ती कमी लेखण्याचं कारण नाही. पण पाण्याचा हिशेब वेगळा चालतो. हिडकल भरतं ते बऱ्याच अंशी महाराष्ट्रातल्या पावसावर. आंबोलीतून निघणारी हिरण्यकेशी आणि चंदगडची ताम्रपर्णी घटप्रभेलाच मिळतात. काळम्मावाडीचा दूधगंगा प्रकल्प दोन्ही राज्यांचा संयुक्त आहे, आणि त्यात कर्नाटकाचा वाटा 4 टीएमसीचा. 

कर्नाटकातल्या निपाणीला जवाहर तलावाबरोबर वेदगंगा नदीचा आधार आहे. त्या नदीवरचं पाटगाव धरण भुदरगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. उन्हाळ्यात पात्र आटलं तर निपाणीची मागणी बेळगावात अडकून चालत नाही, ती कोल्हापूरच्या पाटबंधारे कार्यालयापर्यंत जावी लागते.