चोवीस कानांचे मंडळ

१७२७ सालच्या शरद ऋतूत फिलाडेल्फियातले काही तरुण दर शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जमू लागले. कुणी दस्तांच्या नकला करणारा, कुणी खिडक्यांना काचा बसवणारा, एक जमीन मोजणारा, एक जोडे शिवणारा, एक सुतार, एक व्यापाऱ्याकडचा कारकून. म्होरक्या होता छापखान्यात काम करणारा एकवीस वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन आणि मंडळाचे नाव होते जंटो. फ्रँकलिन म्हटले की आपल्याला पतंग आणि वीज आठवते. माझे कुतूहल मात्र या शुक्रवारच्या बैठकीभोवती फिरते. समव्यवसायी माणसांनी एकमेकांना सल्ला देण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचा इतका नीट नोंदलेला जुना नमुना माझ्या वाचनात दुसरा नाही.

बैठकीत विचारायचे प्रश्न ठरलेले होते. गावात कुणाचा धंदा बसला आणि कशामुळे, कोण वर आला आणि कोणत्या उपायाने, सभासदाच्या नावाला कुणी बट्टा लावतो आहे का आणि मंडळाने त्यासाठी काय करावे, असे ते प्रश्न. सभासद बाराच. मंडळ आहे ही गोष्टच बाहेर सांगायची नाही, असा नियम होता. त्याचे फ्रँकलिनने दिलेले कारण अगदी व्यवहारी आहे: नको ती माणसे प्रवेश मागतील आणि त्यांना नाही म्हणणे जड जाईल. पुढे सभासद वाढवावेत अशी टूम निघाली, तेव्हा त्याने ती मोडून काढली. त्याऐवजी प्रत्येकाने आपापले वेगळे मंडळ काढावे आणि त्यातल्या लोकांना जंटोचा पत्ता लागू देऊ नये, असे सुचवले.

पण ही गुप्तता दाराची झाली. दाराआड बोललेल्या शब्दाची गुप्तता निराळी आणि फार अवघड. षट्कर्णी झालेली गोष्ट फुटते असे आपल्याकडे म्हणतात. इथे तर बारा जणांचे चोवीस कान.

शब्द सांभाळायचा कशासाठी? मराठीत 'पत' हा शब्द अब्रूलाही चालतो आणि उधारीच्या लायकीलाही, आणि व्यापाराची सगळी गोम तिथेच आहे. समजा, एखाद्या कारखानदाराला पुढचे तीन महिने पगार भागवणे कठीण आहे. दुसऱ्या कारखानदाराला त्याने हे सांगितले तर वाट सापडू शकते. तेच कच्चा माल पुरवणाऱ्याच्या कानी गेले तर तो रोखीने पैसे मागेल, बँक हात आखडेल, चांगला फोरमन दुसरीकडे अर्ज टाकेल. दुखणे गावाला कळले म्हणून आजारी माणसाचा ताप चढत नाही; धंद्याचा चढतो. म्हणून जिथे शब्दाची हमी नाही, तिथे माणसे फक्त भरभराट सांगतात. गेल्या वर्षीची उलाढाल, नवे मशिन, मुलाचे परदेशातले शिक्षण. सल्ला मागावा असे त्यात काही नसते.

शब्द फुटला की काय होते, हे खुद्द फ्रँकलिनने सोसले. जंटोचाच एक सभासद, जॉर्ज वेब, १७२८ मध्ये त्याच्याकडे काम मागायला आला. काम तूर्त नव्हते. पण लवकरच वर्तमानपत्र काढणार आहे, तेव्हा घेईन, असे फ्रँकलिनने त्याला सांगितले आणि कुठे बोलू नकोस, असेही बजावले. वेबने ते सरळ कायमर नावाच्या प्रतिस्पर्धी मुद्रकाला सांगितले. कायमरने घाईघाईने स्वतःचेच पत्र जाहीर केले आणि त्यात वेबला कामही मिळाले. पत्र चालले नाही. वर्गणीदार फार तर नव्वद. १७२९ मध्ये फ्रँकलिनने ते किरकोळ किमतीला घेतले, हा भाग वेगळा. वेबला तो दुष्ट म्हणत नाही. स्वभावाने चांगला, हजरजबाबी, पण आळशी आणि कमालीचा बेफिकीर, असे त्याचे वर्णन आहे. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. हे बोलणे बैठकीत झालेच नव्हते. आणि ते फुटले ते वैरापोटी नव्हे, पोटापाण्यापायी.

याच्या उलट प्रसंग थोड्याच काळाने घडला. छापखान्याच्या सामानाचे शंभर पौंड थकले होते आणि व्यापाऱ्याने फिर्याद लावली होती. पैसे फ्रँकलिनचा भागीदार मेरेडिथ याच्या वडिलांनी द्यायचे होते, पण त्यांना जमेना. तेव्हा विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस हे दोघे, एकमेकांना पत्ता न लागू देता, आपणहून आले. लागेल ती सगळी रक्कम देतो, मात्र दारू पिऊन रस्त्यात दिसणाऱ्या मेरेडिथशी भागीदारी सोड, असे दोघांचेही म्हणणे. आता पाहा, कोलमन, ग्रेस आणि मेरेडिथ तिघेही जंटोतलेच. फ्रँकलिनने मित्रांचे बोलणे मेरेडिथपुढे ठेवले नाही. वडील या भागीदारीवर नाराज आहेत का, एवढेच त्याला विचारले. मेरेडिथने स्वतःच बाहेर पडायचे ठरवले. मग दोघांकडून निम्मी निम्मी रक्कम घेतली गेली, कुणालाच वाईट वाटू नये म्हणून.

१९५७ मध्ये रॉबर्ट नोर्स यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकीत कंपनीप्रमुखांचा सल्लागट सुरू केला. आजची व्हिस्टेज ही संस्था त्यातूनच वाढली. अशा गटांत एकमेकांचे स्पर्धक शेजारी बसवत नाहीत. शपथेपेक्षा मला हा नियम पक्का वाटतो, कारण तो माणसाच्या सचोटीवर भार टाकत नाही. फोडण्यातला फायदाच काढून घेतो. आपल्याकडे छोट्या उद्योजकांचे गट मात्र बहुधा एकाच औद्योगिक वसाहतीतले, एकाच मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारे असतात. तिथे प्रत्येकजण थोडाथोडा वेब असतो.

शिवाय या हमीला कायद्याची कुंपणे आहेत. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाकडून सहसा वदवून घेता येत नाही. गटातल्या मित्राला तसे कवच नाही, न्यायालयाने विचारले तर सांगावे लागते. आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर भावावर परिणाम करणारी अप्रसिद्ध माहिती रास्त कारणाशिवाय दुसऱ्याला सांगणे हाच सेबीच्या २०१५ च्या नियमांचा भंग ठरतो, मग ऐकणाऱ्याने जन्मभर तोंड मिटून ठेवले तरी. अशा कंपनीच्या संचालकाने गटात मुलाशी जुळत नाही हे खुशाल सांगावे. तिमाहीचे आकडे घरी ठेवून यावे.