कॅमच्या दोन अंशांचा हिशेब

हेडला फेसिंग केलं की कॉम्प्रेशन वाढतं, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्याच वेळी कॅम मागे पडतो, याकडे फार कमी जण बघतात. आज आपण तेवढंच पाहू. उदाहरण घेऊ एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनाचं: वर एकच कॅमशाफ्ट, पुढे टायमिंग बेल्ट.

हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो. मधला बेल्ट सैल पडतो आणि ती ढिलाई ओढून घ्यायला क्रँकला जरा जास्त फिरावं लागतं. कॅम तेवढा उशिरा फिरतो. किती उशिरा? समजा पुलीला ४० दात आहेत आणि परीघ ३२० मिमी आहे. मग १ मिमी फेसिंगला कॅमचा एक अंश आणि वर थोडं, म्हणजे क्रँकचे सव्वादोन अंश. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो ना, म्हणून दुप्पट. आता कुणी म्हणेल, बेल्ट एक दात सरकवू. एक दात म्हणजे कॅमचे ९, क्रँकचे १८ अंश! मुंगीला मारायला घण आणल्यासारखं झालं. म्हणूनच खाचांची, फिरवून बोल्ट आवळता येणारी पुली लागते.

आता मोजायचं कसं? पुलीवरच्या खुणेवर आम्ही विश्वास ठेवत नाही. प्लग काढून तिथे पिस्टन अडवणारा बोल्ट बसवायचा, क्रँक हाताने हळू दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत फिरवायचा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरं टीडीसी. मग बोल्ट काढायचा (हे विसरू नका) आणि डायल गेज इनटेक वॉल्व्हच्या रिटेनरवर लावायचा. इथून पुढे क्रँक फक्त चालायच्या दिशेनेच फिरवायचा, नाहीतर बेल्टचा सैलपणा आकड्यात शिरतो. वॉल्व्ह पूर्ण उघडण्याआधी ०.५ मिमी असताना ८४ अंश दिसले, पुन्हा तेवढाच खाली आल्यावर १३६. मध्य ११०. कॅमच्या कार्डावर १०६ लिहिलंय. म्हणजे क्रँकचे ४ अंश उशीर, कॅम पुलीवर २ अंश पुढे. पुलीवरचे आकडे कॅमचे की क्रँकचे, हे आधी बघून घ्या. दोन्ही प्रकार मिळतात.

कॅम पुढे घेतला की इनटेक लवकर बंद होतो आणि खालच्या आरपीएमला जोर येतो. मागे नेला तर तो जोर वर सरकतो. घाटात चालणाऱ्या गाडीला आम्ही पहिलंच सुचवू.

धोका कुठे आहे? पुढे घेताना इनटेक वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, मागे नेताना एक्झॉस्टचा. फेसिंगने ते अंतर आधीच कमी झालेलं असतं. आमच्याकडे एक इंजिन आलं होतं. कुणीतरी अंदाजाने कॅम पुढे घेतलेला, चारही इनटेक वॉल्व्ह वाकलेले. म्हणून पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून, हेड पूर्ण आवळून, अंतर मोजा. इनटेकला साधारण २ मिमी, एक्झॉस्टला अडीच हवं. मग प्लग न लावता पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे. कुठे अडखळलं तर जोर लावू नका, बेल्ट उतरवा आणि पुन्हा मोजा.