उशी कुणी दिली?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नातीला घेऊन मी गोव्यातल्या केरीच्या धक्क्यावरून तेरेखोलच्या फेरीबोटीत चढले. नदी तिथंच समुद्राला मिळते. भरतीचं पाणी आणि वारा एकमेकांना भिडले की ती एवढी लोखंडी फेरीबोटही डुलायला लागते. पाच वर्षांच्या नातीनं माझी साडी मुठीत घट्ट धरली. मी सांगायला लागले. असाच एकदा जेजू सोबत्यांना घेऊन होडीतून पलीकडे निघाला होता. संध्याकाळ झालेली. दिवसभर लोकांशी बोलून तो दमला होता, म्हणून होडीच्या मागच्या टोकाला उशीवर डोकं टेकून झोपला. मग वादळ उठलं, पाणी होडीत शिरायला लागलं. सोबत्यांनी त्याला हलवून उठवलं, अरे आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही? तो उठला, वाऱ्याला दटावलं, पाण्याला म्हणाला, गप्प. वारा पडला.

एवढं सांगून मी थांबले. तेरेखोलचा धक्का लागता लागता तिनं विचारलं, “आजी, त्याला उशी कुणी दिली?”

वादळ शमलं याचं तिला काही नवल वाटलं नव्हतं. नवल उशीचं. ही गोष्ट मत्तय, मार्क आणि लूक तिघंही सांगतात, पण उशी फक्त मार्कनं नोंदवली आहे, चौथ्या अध्यायात. मी लिहायवाचायला शिकले तेव्हापासून बायबल वाचते आहे. मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मी मूळची नगरची. आमचं घर मराठी मिशनचं, म्हणजे प्रॉटेस्टंट. आमच्याकडे येशू कीर्तनातून यायचा. टाळ, पेटी, बुवांचा फेटा, सगळं असायचं, फक्त आख्यान उधळ्या पुत्राचं. नारायण वामन टिळकांनी स्वतः अशी कीर्तनं केली, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, हे आम्हांला घरातल्याच माणसांबद्दल सांगावं तसं सांगितलं जाई. ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक अमेरिकन मराठी मिशननं १८७३ साली सुरू केलं. त्याचे जुने बांधीव अंक आजोळच्या माळ्यावर होते. मी ते चिंचा खात वाचले.

लग्न करून केरीला आले ती कॅथलिक घरात. इथं येशूचा जेजू झाला, पेत्राचा पेद्रू झाला आणि मरिया सायबीण झाली. माझा थोरला चार वर्षांचा असताना त्यानं विचारलं होतं, “येशू आणि जेजू भाऊ काय गो?” सासूला आम्ही मांय म्हणायचो. तिनं तांदूळ निवडता निवडता उत्तर दिलं, “एकूच तो. आवय एका नावान हाक मारता, आज्जी दुसऱ्या.” मुलाला ते ताबडतोब पटलं. त्यालाही घरात दोन नावं होती.

मांयला लिहायवाचायला येत नव्हतं. दोतोर्न, म्हणजे चर्चमध्ये मुलांना शिकवतात ती धर्माची प्रश्नोत्तरं, तिला तोंडपाठ होती. पण ती तिनं नातवंडांना कधी शिकवली नाहीत. ते काम चर्चचं, म्हणायची. घरात तिचं काम तेर्साचं. तेर्स म्हणजे रोझरी, जपमाळ. संध्याकाळी सगळ्यांनी आल्तारासमोर बसायचं आणि पन्नास वेळा ‘नमन मारिये’ म्हणायचं. मुलं पेंगणारच. पण या माळेचे पाच टप्पे असतात, आणि दर टप्प्याला डोळ्यांसमोर आणायचा एक प्रसंग ठरलेला असतो. पूर्वी असे प्रसंग पंधरा होते. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी पाच वाढवले, आता वीस आहेत. बहुतेक घरांत प्रसंगाचं नुसतं नाव घेऊन माळ पुढं सरकते. मांय तिथं थांबायची आणि दोन वाक्यं बोलायची, जास्त नाही. “बारा वर्षांचा जाल्लो. फेस्ताक गेल्ली तेन्ना गर्दीत चुकलो.” पेंगणारी मुलं टक्क जागी व्हायची.

हा चुकलेल्या मुलाचा प्रसंग आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा सांगितला गेला, कारण माझी धाकटी एका जत्रेत तासभर हरवली होती. लूक सांगतो की आईबाप एका दिवसाची वाट चालून गेले, पोरगा सोबतच्या माणसांत असेल असं धरून. तिसऱ्या दिवशी तो देवळात सापडला, आणि आईनं त्याला तिथल्या तिथं बोल लावला, अरे, आमच्याशी असं का वागलास? सायबीणही रागावते, हे धाकटीला फार बरं वाटलं. त्या जत्रेत मी तिला फटका दिला होता.

सुरुवातीला मी मात्र गोष्टीची वाट लावत असे. नगरची सवय, कीर्तनात आख्यान झालं की बोध आलाच. उधळा पुत्र घरी आला, बापानं धावत जाऊन मिठी मारली, आणि मी म्हणायची, “म्हणून आपण आईवडिलांचं ऐकावं.” एकदा थोरला उठून बसला. “आई, तू ‘म्हणून’ म्हटलंस की गोष्ट मरते.” सहा वर्षांचा होता. त्या दिवसापासून मी ‘म्हणून’ सोडला. गोष्ट जिथं संपते तिथं गप्प बसायचं. हे फार अवघड आहे, सांगून ठेवते. पहिल्या महिन्यात मी जीभ चावून बसत होते.

दुसरी चूक मोठी होती. अब्राहामाची गोष्ट मी झोपताना सांगितली. देवानं त्याला इसहाकाचा बळी मागितला, बाप मुलाला घेऊन डोंगरावर गेला, सुरी उचलली. शेवटी देवदूत थांबवतो, सगळं खरं. पण मुलाच्या कानात सुरीच राहिली. त्या रात्री तो बापाशेजारी झोपेना. “पपा, तुला देवानं सांगितलं तर?” नवरा म्हणाला, “मी ऐकलं नसतं.” धर्मशास्त्रात हे उत्तर कितपत बसतं ते पाद्रींना विचारा, मूल मात्र झोपलं. काही गोष्टी दहा-बारा वर्षांपर्यंत मागं ठेवाव्यात, हे मी तेव्हा शिकले. नोहाच्या तारवातले प्राणी लहानपणी सांगावेत, बुडालेली माणसं मुलानं विचारली तर. आणि मूल विचारतंच. तेव्हा “मलाही ते वाचताना कसंसं होतं” एवढं खरं सांगितलं तरी पुरतं.

येशूनं सांगितलेले दाखले केरीत सोपे जातात. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात समुद्रात टाकलेल्या जाळ्याचा दाखला आहे. सगळ्या जातीची मासळी त्यात येते, जाळं भरल्यावर किनाऱ्यावर ओढतात आणि बसून निवडतात. नगरला हे मी नुसतं पाठ केलं होतं. केरीत आल्यावर कळलं, ही तर आमची रापण! दोन्ही टोकांना माणसं, दोर खांद्यावर, आणि जाळं वाळूवर आलं की निवडणं. माझ्या मुलांना तो दाखला समजावून द्यावा लागला नाही, उलट त्यांनीच मला सांगितलं की पहिल्यांदा काय फेकून देतात. वाळूवर बांधलेलं घर आणि खडकावर बांधलेलं घरही तसंच. आमच्या किनाऱ्यावर समुद्र वाळू खातो, सुरूची झाडं मुळांसकट कलंडतात. पलीकडे खडकावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. सावंतवाडीकर भोसल्यांचा तो किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. आत सांत आंतोनचं जुनं चर्च आहे. बोट दाखवलं की दाखला झाला.

पेरणाऱ्याचा दाखला मात्र फसला. काही बी वाटेवर पडलं, म्हटल्यावर मुलं हसायला लागली. वाटेवर कोण पेरतो? इथं तरवा काढून एकेक रोप लावतात. मग येशूच्या मुलखात बी मुठीनं फेकून पेरत, हे आधी अंगणात तांदूळ उधळून दाखवावं लागलं. कोंबड्यांनी बाकीचा दाखला स्वतःच पुरा केला.

गोष्ट ऐकणाऱ्यांच्या मुलखातून सांगावी, हे काही मी शोधून काढलेलं नाही. चारशे वर्षांपूर्वी याच गोव्यात एका इंग्रज माणसानं हे ओळखलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, इथंच राहिले. त्यांनी ज्ञानेश्वरीच्या ओवीत, मराठीत, ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, ते १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती पाद्रीपुढं गाऱ्हाणं मांडतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं एखादं पुराण का देत नाही? मला हे वाचताना दरवेळी थांबावं लागतं. आमच्या धर्माच्या इथल्या इतिहासात जबरदस्ती होती, लोकांच्या पोथ्या हिरावल्या गेल्या. ते झाकून पुढं जाता येत नाही. पण त्या माणसानं मागितलं काय? नियम नव्हेत, प्रश्नोत्तरं नव्हेत. त्यानं ऐकायला गोष्ट मागितली. स्टीफन्स यांनी दोन्ही लिहिलं. त्यांचं कोकणी दोतोर्नचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापलं गेलं. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक जे गात राहिले ते पुराण. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आहे. मूळ छापील प्रत आज एकही सापडत नाही. पुराण टिकलं ते लोकांनी हातानं उतरवून घेतलं म्हणून.

आमचा पेडणे तालुका तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, तो अठराव्या शतकाच्या अखेरीला गेला. त्यामुळे इथं देवळं राहिली आणि ख्रिस्ती घरं थोडी. माझी मुलं आजोबा देवस्थानाच्या आवारात खेळत वाढली, रात्र रात्र दशावतारी नाटकं बघत. काळ्या कपड्यांतला, लाल जिभेचा संकासुर आला की किंचाळून माझ्या मागं लपायची. म्हणून आमच्या घरात गल्याथ संकासुरासारखाच आला, पडवीच्या खांबामागून, माझ्या नवऱ्याच्या काळ्या कांबळ्यात. दावीद म्हणजे धाकटी, गोफण म्हणजे माझी ओढणी. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट आयत्या वेळी बोलतात, तसंच. फक्त एकदा धाकटीनं शेजारच्या काकींच्या देवाला गल्याथ म्हटलं, तेव्हा खेळ तिथंच थांबवला आणि तिला काकींकडे पाठवलं, नेवऱ्यांची ताटली घेऊन. पुढं तिनं विचारलं, त्यांची गोष्ट खरी की आपली? मी म्हटलं, ही आपल्या घरची गोष्ट, मी हिच्यावर विश्वास ठेवते. काकी त्यांच्या गोष्टीवर ठेवतात.

एक नियम मी मांयकडून घेतला आणि आजवर पाळते. पुस्तकात काय आहे आणि आपण काय घातलं आहे, हे मुलाला सांगायचं. नाताळचा गोठा करताना याची खरी परीक्षा होते. मत्तय पूर्वेकडचे ज्ञानी म्हणतो. ते तीन होते किंवा राजे होते असं म्हणत नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसं तीन. चांदरला सहा जानेवारीला मुलगे राजांचे मुकुट घालून निघतात ते लोकांनी मायेनं भरलेलं आहे. बैल आणि गाढव लूकच्या पानांत नाहीत. १२२३ साली आसिसीच्या फ्रान्सिसनं ग्रेच्चोला गोठा मांडला तेव्हा त्यानं ते खरोखरचे आणून उभे केले होते. सांत आंतोननं माशांना प्रवचन दिलं ही दंतकथा आहे, हेही सांगते. मुलांचा त्यानं विरस होतो असं मला कधी दिसलं नाही. उलट, मग माझा मासा कुठला, असं विचारतात. सांजांवच्या दिवशी, २४ जूनला, डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलांचा मुकुट, घालून मुलं विहिरीत उड्या मारतात. का, तर मरिया भेटायला आली तेव्हा आईच्या पोटातल्या जुवांवनं, म्हणजे योहानानं, आनंदानं उडी मारली. ती उडी पुस्तकातली. विहीर गोंयकारांची.

फेरीबोटीवरच्या त्या दिवशी मी हाच नियम पाळला. नातीला म्हटलं, उशी पुस्तकात आहे, पण ती कुणी दिली ते लिहिलेलं नाही. तिनं विचार केला. परतीच्या फेरीत, पाणी आता शांत होतं, तिनं विचारलं, “पेद्रूच्या घरी कोण कोण होतं?” मी सांगितलं, मार्कच्याच पहिल्या अध्यायात त्याची सासू आहे. तापानं फणफणली होती, जेजूनं हात धरून उठवलं, ताप गेला, आणि ती लगेच सगळ्यांचं जेवणखाण बघायला लागली.

“मग तिनंच दिली,” नात म्हणाली. तिच्या मते विषय तिथं मिटला आहे.